वजनकाट्यापलीकडची औषधे

सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपेटाइड ही आज वजन उतरवणारी इंजेक्शने म्हणून ओळखली जातात. मुळात ती मधुमेहासाठी तयार झाली, आणि त्यांच्याविषयी गेल्या दहा वर्षांत हाती आलेली सर्वांत मोलाची माहिती किलोंची नाही. हृदयविकाराचा झटका, हळूहळू निकामी होणारी मूत्रपिंडे, चरबीने सुजलेले यकृत, झोपेत अडणारा श्वास, दुखरे गुडघे अशा निरनिराळ्या दुखण्यांवर या औषधांचा काय परिणाम होतो, हे हजारो रुग्णांवर तपासले गेले. काही ठिकाणी फायदा ठामपणे सिद्ध झाला, काही ठिकाणी तो घटलेल्या वजनामुळेच झाला असावा, आणि काही ठिकाणी मोठी आशा साफ खोटी ठरली.

दोन्ही औषधे शरीरातल्याच एका संप्रेरकाची नक्कल करतात. जेवण आतड्यात उतरले की आतड्याच्या अस्तरातील काही पेशी जीएलपी-१ नावाचे संप्रेरक सोडतात. ते स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते, जठरातले अन्न सावकाश पुढे सरकवते आणि मेंदूला पोट भरल्याची खबर देते. अडचण अशी की रक्तात ते जेमतेम दोन मिनिटे टिकते. टिकाऊ नमुना मिळाला तो अगदी अनपेक्षित जागी. अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील वाळवंटात आढळणाऱ्या गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या विषात जॉन एंग या संशोधकाला १९९०च्या सुमारास याच संप्रेरकाशी जुळणारा, पण लवकर न विरघळणारा पदार्थ सापडला. त्यावरून बनलेले एक्झेनाटाइड २००५ मध्ये अमेरिकेत मधुमेहासाठी मंजूर झाले. पुढे डेन्मार्कच्या नोवो नॉर्डिस्क कंपनीने मानवी संप्रेरकाला स्निग्धाम्लाची शेपटी जोडून ते रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून राहील अशी युक्ती केली. त्यातून आधी रोज टोचायचे लिराग्लुटाइड आले, मग आठवड्यातून एकदा टोचायचे सेमाग्लुटाइड. एलाय लिली कंपनीचे टिर्झेपेटाइड जीएलपी-१ बरोबरच जीआयपी या दुसऱ्या आतड्यातील संप्रेरकाचेही काम करते. म्हणून वजन उतरवण्यात ते पुढे आहे.

वजनापलीकडचे फायदे कोणी हेरून शोधले नव्हते. ते एका सक्तीतून बाहेर आले. रोसिग्लिटाझोन या मधुमेहाच्या गाजलेल्या गोळीने हृदयविकाराचा धोका वाढतो की काय, अशी शंका २००७ मध्ये उठली. तेव्हा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ पासून नियम केला, की मधुमेहाच्या प्रत्येक नव्या औषधाने आपण हृदयाला अपाय करत नाही हे मोठ्या चाचणीने दाखवावे. कंपन्यांना हा खर्चिक जाच वाटला. पण लिराग्लुटाइडच्या ९,३४० रुग्णांवरील 'लीडर' चाचणीचे निकाल २०१६ मध्ये आले, तेव्हा अपाय नाही एवढेच दिसले नाही. हृदयविकाराने मृत्यू, झटका किंवा पक्षाघात यांचे एकत्रित प्रमाण १३ टक्क्यांनी कमी झालेले दिसले.

तरीही एक प्रश्न उरतोच. वजन कमी झाले म्हणून हृदय सुधारले, एवढाच हा हिशेब असेल का? इतिहास त्याला सरळ होकार देत नाही. सिब्युट्रामिन हे भूक मारणारे औषध एके काळी जगभर आणि भारतातही विकले जात होते. त्याने वजन उतरायचे. पण सुमारे ९,८०० रुग्णांवरील 'स्काउट' चाचणीत हृदयविकाराच्या घटना खोट्या औषधाच्या गटातील १० टक्क्यांवरून ११.४ टक्क्यांवर गेल्या. २०१० मध्ये ते युरोप-अमेरिकेतून उठले आणि पाठोपाठ भारतातही त्यावर बंदी आली. उलट बाजूचे उदाहरण 'लुक अहेड' या अमेरिकी चाचणीचे. पाच हजारांहून अधिक मधुमेहींपैकी निम्म्यांना कडक आहार आणि व्यायाम लावून वर्षानुवर्षे त्यांचे वजन खाली ठेवले गेले. त्यांची शुगर सुधारली, हालचाल सुधारली, औषधे कमी लागली; पण हृदयविकाराचे झटके मात्र कमी झाले नाहीत. तेव्हा वजन कोणत्या वाटेने उतरते यालाही किंमत आहे.

या पार्श्वभूमीवर २०२३ च्या नोव्हेंबरात जाहीर झालेली 'सिलेक्ट' चाचणी महत्त्वाची ठरते. तिच्यात ४१ देशांतील १७,६०४ माणसे होती. सगळी ४५ वर्षांवरची, आधीच हृदयविकार किंवा रक्तवाहिन्यांचा आजार झालेली, वजन जास्त असलेली, पण मधुमेह नसलेली. निम्म्यांना आठवड्याला २.४ मिलिग्रॅम सेमाग्लुटाइड, निम्म्यांना नुसते पाणीवजा इंजेक्शन. सरासरी सव्वातीन वर्षांनंतर झटका, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू यांचे प्रमाण ८ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर आले. जाहिरातीत याला '२० टक्के घट' म्हणतात आणि ते खोटे नाही. पण हजार रुग्णांनी तीन-साडेतीन वर्षे इंजेक्शन घेतल्यावर त्यांतले पंधरा अशा घटनेपासून वाचले, असे सांगितले तर आकडा नेमका कळतो. हृदयविकार झालेल्या माणसासाठी हा फायदा लहान नाही. धडधाकट माणसाला तो जसाच्या तसा लावता येणार नाही, कारण त्याचा मूळ धोकाच कमी असतो.

याच चाचणीतल्या माहितीचे पुढचे विश्लेषण २०२५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. कोणाचे किती किलो उतरले यावर हृदयाचा फायदा फारसा अवलंबून नव्हता. ज्यांचे वजन जेमतेम हलले त्यांनाही तो मिळाला. त्याचा दुवा थोडाफार जुळला तो पोटाच्या घेराशी: फायद्यातला सुमारे एक तृतीयांश भाग घेर कमी झाल्याने समजावता येतो. उरलेल्याचे श्रेय कशाला द्यायचे याबद्दल संशोधकांत मतभेद आहेत. रक्तदाब किंचित उतरतो, आणि शरीरातील सूज दाखवणारे सीआरपी हे मोजमाप चांगलेच, जवळजवळ ३८ टक्क्यांनी उतरले होते. रक्तवाहिन्यांच्या भिंतीत साठलेल्या चरबीभोवतीचा दाह शमल्याने झटके टळत असावेत, हा सध्याचा प्रबळ तर्क आहे.

पोटाचा घेर हा मुद्दा महाराष्ट्रात फार जुना आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी तो जगापुढे मांडला. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत त्यांच्या गटाने गरोदर बायका आणि त्यांची मुले यांचा अभ्यास सुरू केला. कोरडवाहू शेतीची, पावसाच्या भरवशावरची ही गावे. तिथल्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो भरले, तर इंग्लंडमधील साउथहॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पण आठशे ग्रॅमने हलक्या या बाळांच्या कातडीखालची चरबी त्या मानाने कमी नव्हती. कमी होते ते स्नायू आणि पोटातील अवयव. २००४ मध्ये याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच दाखला दिला. उंचीच्या मानाने वजन मोजणारा बीएमआय दोघांचाही २२.३, अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. सडपातळ दिसणाऱ्या भारतीय देहात मधुमेह का घर करतो, याचे इतके थोडक्यात दिलेले उत्तर विरळाच.

नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुकाही असाच पर्जन्यछायेतला. एकेकाळी तिथल्या घराघरांत विड्या वळल्या जात आणि बाकीचा तालुका शेतात राबे. नंतर मुसळगाव आणि माळेगावच्या औद्योगिक वसाहती आल्या, तीन पाळ्यांच्या नोकऱ्या आल्या, दारात दुचाकी आली. ज्यांच्या आईने दुष्काळ काढला, त्यांच्या ताटात आता वर्षभर तेल-साखर आहे. याज्ञिकांच्या अभ्यासाचा रोख नेमका अशा पिढीकडे आहे: जन्मताना कमी मिळालेले, मोठेपणी भरपूर मिळालेले शरीर. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेही १०.१ कोटी आणि त्याच्या उंबरठ्यावर असलेले १३.६ कोटी असा अंदाज निघाला. बीएमआयच्या मापाने लठ्ठ २८.६ टक्के, तर पोटाच्या घेराने लठ्ठ ३९.५ टक्के. दोन आकड्यांमधल्या फटीत कोट्यवधी माणसे आहेत: काट्यावर ठीक, पट्ट्याच्या भोकात बेठीक.

म्हणूनच भारतीय तज्ज्ञांनी २००९ पासून मापे खाली आणली. बीएमआय २३ च्या वर जास्त वजन, २५ च्या वर लठ्ठपणा. पुरुषाचा घेर ९० सेंटिमीटर आणि बाईचा ८० सेंटिमीटर ओलांडला की धोका. २०२५ च्या जानेवारीत मांडलेल्या नव्या व्याख्येत पोटाची चरबी आणि तिच्यामुळे जडलेले आजार यांना आणखी वजन दिले गेले. पण वजनाची इंजेक्शने भारतात मंजूर झाली ती परदेशी मापानेच: बीएमआय ३०, किंवा सोबत एखादा आजार असेल तर २७. त्यामुळे एक विचित्र स्थिती येते. बीएमआय २५, घेर ९६ आणि यकृतात चरबी असलेला सिन्नरचा एखादा कामगार या अटीत बसत नाही. त्यालाच मधुमेह निघाला, तर हेच औषध मधुमेहाचे म्हणून बीएमआयच्या अटीविना लिहून देता येते. शिवाय ज्या चाचण्यांवर हा सगळा डोलारा उभा आहे, त्यांतली माणसे वेगळी होती. 'सिलेक्ट'मधील सरासरी बीएमआय ३३ होता आणि ८४ टक्के रुग्ण गोरे होते. फायदा घेराशी आणि दाहाशी जोडलेला असेल, तर तो भारतीय शरीराला जास्तच लागू पडावा, असा अंदाज बांधता येतो. अंदाजच, पुरावा म्हणून तो पुढे करता येत नाही.

हृदयाइतकाच पक्का पुरावा मूत्रपिंडांबाबत मिळाला आहे, आणि महाराष्ट्रातील वाचकासाठी तो कदाचित अधिक महत्त्वाचा आहे. मधुमेहात मूत्रपिंडाची गाळणी वर्षानुवर्षे आवाज न करता झिजते. आधी लघवीतून अल्ब्युमिन जाऊ लागते, मग क्रिएटिनिन चढते, आणि पायावर सूज येईपर्यंत बहुतेकांना पत्ता लागत नाही. डायलिसिस सुरू झाले की आठवड्याचे दोन-तीन दिवस यंत्राजवळ आणि रस्त्यात जातात. शासकीय योजनेतून उपचार मोफत झाला तरी बुडालेली मजुरी कोणी भरून देत नाही. 'फ्लो' ही चाचणी अशाच रुग्णांची होती: टाइप २ मधुमेह आणि मूत्रपिंडाचा जुना आजार असलेले ३,५३३ जण, आठवड्याला १ मिलिग्रॅम सेमाग्लुटाइड. फायदा इतका स्पष्ट होता की चाचणी वेळेआधीच थांबवली गेली. २०२४ मधील निकालानुसार मूत्रपिंड निकामी होणे, त्याची क्षमता निम्म्यावर येणे किंवा त्या अथवा हृदयाच्या आजाराने मृत्यू येणे या घटना २४ टक्क्यांनी घटल्या. कोणत्याही कारणाने होणारे मृत्यूही २० टक्क्यांनी कमी होते. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत या वापराला रीतसर मंजुरी मिळाली.

येथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण इंजेक्शनाच्या गाजावाजात ती मागे पडते. मूत्रपिंड आणि हृदय दोन्ही जपणाऱ्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या आता स्वस्त आहेत. डापाग्लिफ्लोझिनचे भारतातील पेटंट २०२० मध्ये संपले. मार्च २०२५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनचे संपले, तेव्हा साठ रुपयांच्या आसपासची गोळी पंधरा रुपयांच्या आत आली. मधुमेह आणि लघवीत अल्ब्युमिन असलेल्या माणसाला आधी ही गोळी आणि रक्तदाबाची योग्य गोळी मिळते आहे ना, हे पाहणे शहाणपणाचे. इंजेक्शन त्यानंतरची पायरी आहे; दोन्ही एकत्रही देता येतात.

यकृताची गोष्ट थोडी वेगळी. दारूचा थेंब न घेणाऱ्याच्या सोनोग्राफीतही 'फॅटी लिव्हर' लिहून येते, आणि बहुतेक जण तो कागद फाइलमध्ये ठेवून विसरतात. त्यांतल्या काहींच्या यकृतात चरबीसोबत दाह सुरू होतो, दाहातून वण पडतात आणि वणातून सिरोसिस. 'एसेन्स' चाचणीतील पहिल्या ८०० रुग्णांचे यकृताचे तुकडे ७२ आठवड्यांनी पुन्हा तपासले गेले. सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांपैकी ६२.९ टक्के लोकांतला दाह शमला होता. खोट्या औषधाच्या गटात ३४.३ टक्के. वण कमी झालेल्यांचे प्रमाण ३६.८ विरुद्ध २२.४ टक्के. यावर ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने सशर्त मंजुरी दिली. अट अशी, की सिरोसिस आणि मृत्यू खरोखर टळतात का हे दीर्घ चाचणीत पुढे दाखवावे. वण आधीच सिरोसिसपर्यंत पोहोचला असेल, तर हा पुरावा लागू होत नाही.

झोपेतल्या श्वासरोधावर टिर्झेपेटाइडची चाचणी झाली. रात्री जोरात घोरणाऱ्याचा श्वास मध्येच अडतो, तो दचकून जागा होतो, पुन्हा झोपतो. तीव्र आजारात हे तासाला पन्नासदा होऊ शकते. ४६९ रुग्णांच्या चाचणीत वर्षभराने ही अडकणी तासाला २५ ते २९ ने कमी झाली, तर खोट्या औषधाने पाच-साडेपाचने. मानेभोवतीची आणि जिभेतली चरबी उतरल्याने श्वासमार्ग मोकळा होतो, म्हणजे हा फायदा मुख्यतः वजनाचाच. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळालेले हे या आजारावरचे पहिले औषध. रात्रपाळी करून दिवसा गाडी चालवणाऱ्यांच्या दृष्टीने घोरण्याकडे थट्टेने पाहण्याची सवय सोडणे बरे.

गुडघ्यांचेही तसेच. ४०७ रुग्णांच्या चाचणीत ६८ आठवड्यांनी शंभरपैकी मोजलेले दुखण्याचे गुण सेमाग्लुटाइडने ४१.७ ने आणि खोट्या औषधाने २७.५ ने उतरले. खोट्या औषधानेही दुखणे इतके उतरावे, हा आकडा वेदनेच्या प्रत्येक औषधाबद्दल सावध करणारा आहे. शिवाय या रुग्णांचा सरासरी बीएमआय ४० च्या घरात होता; मांडी घालून तासन्‌तास विड्या वळलेल्या सडपातळ आजीच्या गुडघ्यांना हा निकाल लावता येत नाही. हृदय ताठर झाल्याने दम लागणाऱ्या स्थूल रुग्णांत दोन्ही औषधांनी चालण्याची ताकद वाढलेली दिसली आहे. आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावरील १,०३२ लठ्ठ लोकांत सव्वातीन वर्षांच्या टिर्झेपेटाइडनंतर फक्त १.३ टक्क्यांना मधुमेह झाला. खोट्या औषधाच्या गटात १३.३ टक्क्यांना. हा फरक डोळ्यांत भरणारा आहे. औषध थांबवून चार महिने झाल्यावर मात्र पहिला आकडा २.४ वर सरकला होता.

मेंदूच्या बाबतीत आशा फार पुढे धावली. मधुमेहींच्या नोंदी चाळल्यावर असे दिसत होते, की ही औषधे घेणाऱ्यांत स्मृतिभ्रंश कमी आढळतो. त्यावरून नोवो नॉर्डिस्कने अल्झायमरच्या सुरुवातीच्या टप्प्यातील ३,८०० हून अधिक रुग्णांवर सेमाग्लुटाइडच्या गोळीच्या दोन मोठ्या चाचण्या केल्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये निकाल जाहीर झाला: आजाराचा वेग कमी झाला नाही. कंपवातावर एका लहान चाचणीत थोडा फायदा दिसला होता. २०२५ मध्ये आलेल्या एक्झेनाटाइडच्या चाचणीत तोही दिसला नाही. नोंदींतून दिसणारा योगायोग आणि चाचणीतून सिद्ध होणारा परिणाम यांतले अंतर समजून घ्यायला याहून चांगले उदाहरण नाही. जो माणूस महागडे औषध नियमित घेतो, तो पैशाने, शिक्षणाने आणि डॉक्टरकडे जाण्याच्या सवयीनेही वेगळा असतो.

व्यसनांबाबत अजून पहिलीच पाने उलटली जात आहेत. दारूची सवय असलेल्या ४८ जणांच्या छोट्या चाचणीत कमी डोसच्या सेमाग्लुटाइडने तलफ आणि एका बैठकीत पिण्याचे प्रमाण उतरले. जेवणातले 'अजून थोडे' थांबवणारी मेंदूतली यंत्रणा इतर तलफांवरही हात ठेवत असावी. पण इतक्या कमी लोकांवरून उपचार ठरत नाही. आणि विडी-तंबाखू चालू ठेवून हृदयासाठी इंजेक्शन घेणे हा व्यवहार पूर्ण तोट्याचा: तंबाखू सोडण्याचा फायदा कोणत्याही इंजेक्शनाहून मोठा आणि त्याला पैसे पडत नाहीत, उलट वाचतात.

फायद्यांची यादी वाढते तशी त्रासांचीही. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या सुमारे वीस लाख नोंदींवर आधारलेला अभ्यास जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १७५ दुखणी तपासली. नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत त्यांपैकी ४२ मध्ये धोका कमी आणि १९ मध्ये जास्त आढळला. वाढलेल्यांत पोटाचे विकार, सांधेदुखी, मुतखडे आणि स्वादुपिंडाचा दाह होता. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता हे नेहमीचे. डोस हळूहळू वाढवला तर बहुतेकांचे निभते. तरी 'सिलेक्ट'मध्ये त्रासामुळे औषध सोडणारे १६.६ टक्के होते, खोट्या औषधाच्या दुप्पट. वजन झपाट्याने उतरले की पित्ताशयात खडे होतात. जुन्या मधुमेहीची शुगर एकदम खाली आली, तर डोळ्यांच्या नेत्रपटलाचा आजार बिघडू शकतो. म्हणून सुरुवातीलाच डोळ्यांची तपासणी लागते. डोळ्याच्या नसेचा रक्तपुरवठा तुटून अचानक दृष्टी जाण्याचा प्रकार सेमाग्लुटाइडने अगदी विरळा, दहा हजारांत एखाद्याला होऊ शकतो, असे युरोपच्या औषध संस्थेने २०२५ मध्ये नोंदवले. थायरॉइडच्या मेड्युलरी कर्करोगाचा इतिहास घरात असेल, तर ही औषधे देत नाहीत. गरोदरपणातही नाही.

भारतीयांसाठी सर्वांत चिंतेची बाब मात्र स्नायूंची. उतरलेल्या वजनात पाव ते दोन पंचमांश वाटा चरबीचा नसून स्नायूंसह इतर ऊतींचा असतो. ज्या शरीराचे स्नायू जन्मापासूनच कमी आहेत, त्याला ही तूट जड जाते, विशेषतः साठीनंतर. भूक मेल्यावर भाकरी आणि चहावर दिवस काढणाऱ्या वयस्कर माणसाचे वजन उतरेल, पण जमिनीवरून उठताना त्याला हात टेकावा लागेल. डाळ, मटकी, शेंगदाणे, दूध-दही, अंडी, खात असल्यास मटण-मासे हे अशा वेळी औषधाइतकेच आवश्यक. आणि वजन उचलण्याचा व्यायामही. औषध थांबवले की काय होते हेही मोजले गेले आहे: उतरलेल्या वजनातले दोन तृतीयांश वर्षभरात परत येते, आणि त्यासोबत रक्तदाब-शुगरमधला फायदाही ओसरतो. परत येणारे वजन बहुतांशी चरबीच असते. लग्नापुरते दोन-तीन महिने इंजेक्शन घेण्याची टूम म्हणून घातक आहे.

किमतीने आजवर या औषधांना मोठ्या शहरांत अडवून ठेवले होते. मार्च २०२५ मध्ये टिर्झेपेटाइड मौंजारो या नावाने भारतात आले तेव्हा त्याची २.५ मिलिग्रॅमची कुपी ३,५०० रुपयांना आणि ५ मिलिग्रॅमची ४,३७५ रुपयांना होती, म्हणजे आठवड्याला एक धरून महिन्याला चौदा ते साडेसतरा हजार. जूनमध्ये वेगोव्ही आले आणि डिसेंबरात ओझेम्पिक. ही दोन्ही सेमाग्लुटाइडचीच नावे. त्याआधी, जानेवारी २०२४ मध्ये, ग्लेनमार्कने लिराग्लुटाइडची भारतीय आवृत्ती दिवसाला सुमारे शंभर रुपयांत आणून भाव ७० टक्क्यांनी पाडला होता. सातपूर आणि सिन्नरच्या औद्योगिक वसाहतींमुळे नाशिककरांना या कंपनीचे नाव परके नाही. सेमाग्लुटाइडचे भारतातील पेटंट मार्च २०२६ मध्ये संपले, आणि त्यासाठी अनेक भारतीय कंपन्यांनी आधीपासून कंबर कसली होती. एम्पाग्लिफ्लोझिनचे जे झाले ते पाहता हे औषध तालुक्याच्या मेडिकलपर्यंत येणे उघड आहे.

तिथे दोन अडचणी वाट पाहत आहेत. पहिली थंडाव्याची. ही इंजेक्शने २ ते ८ अंशांत ठेवावी लागतात. फ्रीजबाहेर टिर्झेपेटाइड ३० अंशांखाली २१ दिवस टिकते. एप्रिल-मे महिन्यांत सिन्नरच्या वाड्यावस्त्यांवर पारा तीसच्या बराच वर असतो आणि वीज जाते. गोठलेले इंजेक्शनही बाद. दुसरी अडचण बनावट मालाची. बनावट सेमाग्लुटाइडबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ च्या जूनमध्ये जगभर इशारा दिला होता. जिममधून, पार्लरमधून किंवा मोबाइलवरच्या ओळखीतून मिळणारे इंजेक्शनाचे पेन घेऊ नये. चिठ्ठी आणि बिलाशिवाय तर नाहीच.

याच संघटनेने सप्टेंबर २०२५ मध्ये या वर्गातील औषधे अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. नुसत्या वजनासाठी नव्हे, तर टाइप २ मधुमेहासोबत हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार आणि लठ्ठपणा असलेल्यांसाठी. स्वस्त झालेल्या औषधाचा पहिला हक्क कोणाचा, हे यातून स्पष्ट होते. सुरू करण्याआधी तीन महिन्यांची सरासरी शुगर, क्रिएटिनिन, लघवीतील अल्ब्युमिन, यकृताची तपासणी आणि नेत्रपटल पाहून घेतात, आणि घेर टेपने मोजून कागदावर लिहितात. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर त्याचा डोस उतरवावा लागतो, नाहीतर शुगर धोकादायक खाली जाते. शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना इंजेक्शनाबद्दल आधी सांगावे लागते, कारण उपाशी राहूनही पोटात अन्न उरलेले असू शकते. तीन-चार महिन्यांनी याच तपासण्या पुन्हा होतात, आणि डोस वाढवायचा, तोच ठेवायचा की थांबवायचे हे त्यावरून ठरते.